ठिपक्याचं पाणी

आमच्या ऑफिसात कुणी 'जीपीएस' म्हटलं की सर डोळे मिटून घ्यायचे. दुखऱ्या दाताला गार पाणी लागल्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा. मग डोळे उघडून म्हणायचे, "जीपीएस हे अमेरिकेच्या यंत्रणेचं नाव आहे. रशियाची वेगळी, युरोपची वेगळी, चीनची वेगळी. आपली नाविक. या सगळ्यांना मिळून जीएनएसएस म्हणावं." समोरचा माणूस बहुधा दोन गाड्या बदलून, उन्हातून, टँकरची तक्रार घेऊन आलेला असायचा. तो मुकाट्यानं म्हणायचा, "बरं सर, जीएनएसएस. पण टँकर न्हाई आला."

ही हकीकत जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. कुठल्या ते सांगत नाही, कारण मला अजून तिथंच कामाला जायचं असतं. उन्हाळा लागला की आमच्याकडं टंचाई कक्ष उघडतो. कक्ष म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक कूलर आणि त्या कूलरमध्ये पाणी ओतायला मामू. मामू म्हणजे आमचे शिपाई. एका टेबलावर मी, कंत्राटी ऑपरेटर. दुसऱ्यावर सर. पाण्याच्या टँकरच्या खोट्या फेऱ्या दाखवल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हा प्रत्येक टँकरला एक यंत्र बसवणं सक्तीचं झालं. टँकर कुठं आहे ते त्या यंत्रामुळं नकाशावर ठिपक्याच्या रूपानं दिसायचं. तो ठिपका समजावून सांगायला एका एजन्सीनं सरांना पाठवलं होतं. ठिपका आम्हालाही दिसत होता, पण सरांच्या मते तो आम्हाला नुसता दिसत होता, कळत नव्हता.

पूर्वी ते कुठल्याशा खासगी कॉलेजात शिकवायचे. पन्नाशीच्या पुढचे, पांढरा शर्ट इन केलेला, खिशाला पेनांची रांग आणि कमरेच्या पट्ट्याला पिवळ्या रंगाचं एक हातयंत्र. ऑफिसात त्यांना सगळे अक्षांश सर म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यात टवाळी आहे हे माहीत नव्हतं. एकदा मला म्हणाले, "नुसतं अक्षांश म्हणणं अपुरं आहे. रेखांशही लागतो."

सकाळी आले की पहिला अर्धा तास ते कुणाशी बोलत नसत. काही विचारलं तर तळहात वर करायचे. "कोल्ड स्टार्ट," एवढंच म्हणायचे. यंत्र बराच वेळ बंद राहिलं की चालू केल्यावर त्याला आपण कुठं आहोत हे लगेच कळत नाही, आभाळातले उपग्रह एकेक करून हुडकावे लागतात. माणसाचंही तसंच असतं, असं त्यांचं म्हणणं. जेवणानंतर मात्र ते बसल्या बसल्या बोलायला लागायचे, कारण तो हॉट स्टार्ट. एकदा साहेबांनी सकाळी सकाळी तातडीनं बोलावलं तर हे खुर्चीतून हलेनात. "त्यांना सांगा, मला अजून फिक्स मिळालेला नाही." मी जाऊन सांगितलं की सरांचं पोट बिघडलंय. साहेबांना ते पटलं.

जागा कळायला चार उपग्रह लागतात म्हणे. तिघांकडून जागा कळते आणि चौथा घड्याळ बरोबर करतो. हा नियम सरांनी चहालाही लावला होता. आम्ही तिघं असलो तर ते टपरीवर यायचे नाहीत. मग आम्ही पायरीवर ताटकळत उभे आणि मामू फाटकातून येईल त्याला हाका मारणार. हाक मारलेल्या माणसाला वाटायचं, झालं आपलं काम. त्यातही चौघांनी एका बाकड्यावर बसायचं नाही. उपग्रह आभाळाच्या एका कोपऱ्यात जमले की मोजमाप बिघडतं, त्याला ते 'डीओपी वाढला' म्हणायचे. म्हणून आम्ही चौघं चार दिशांना, मधून रस्ता, आणि टपरीवाला एकेक कप घेऊन चौकभर फिरतोय. त्यानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं आपसात वाजलंय का?" चहा पातळ झाला की त्याचाही डीओपी वाढलेला असायचा.

यंत्राच्या आत उपग्रहांचं एक पंचांग असतं, कोण कधी कुठं उगवणार याचं. सर ते एकदा रंगात येऊन सांगत होते. मामू कूलरमध्ये पाणी ओतता ओतता थांबले. "मंग सर, ईदचा चाँद कधी दिसून राह्यला तेवढं बघा की."

"चंद्र त्यात नसतो."

"आभाळातलं सगळं हाय अन् चाँदच न्हाई?" मामूंनी बादली रिकामी केली. "मंग काय कामाचं ते?"

सरांनी त्यांना अर्धा तास समजावलं. मामू मान डोलावत राहिले, आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणं गच्चीवर चढून चंद्र बघून आले.

रस्त्यात कुणाला पत्ता विचारणं सरांना बिलकुल मान्य नव्हतं. एकदा टेंभुर्णीला एका बैठकीला निघालो. सर स्कूटीवर पुढं, मी मागं, माझ्या हातात त्यांचं पिवळं यंत्र. डांबरी संपली, मुरूम संपला, बैलगाडीची चाकोरी संपली, आणि शेवटी आम्ही एका मोसंबीच्या बागेत शिरून झाडाला अडकलो. "पोहोचलो," सर म्हणाले. मालक हातात काठी घेऊन आला.

"कुठं निघालात?"

"टेंभुर्णी."

"टेंभुर्णी तिकडं मागं राह्यली. ही माझी मोसंबी हाय."

सरांनी त्याच्यापुढं यंत्र धरलं. "तुमची बाग नकाशात चुकीच्या जागी आहे. दुरुस्त करून घ्या." मालकानं एकदा सरांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी मान खाली घातली. त्यानं काठी झाडाला टेकवली आणि आम्हा दोघांच्या हातावर मोसंबी ठेवली. येड्या माणसाला उपाशी पाठवू नये असं त्याला वाटलं असावं.

हे आठवून मी आज हसतो. त्या उन्हाळ्यात हसू येत नव्हतं, राग यायचा. कारण टँकर आला की नाही यावर शेवटचा शब्द सरांचा होता. त्यांनी प्रत्येक गावच्या विहिरीभोवती नकाशावर एक गोल काढला होता. त्याला ते भू-कुंपण म्हणायचे. टँकरचा ठिपका गोलात शिरला, पाणी सोडायला लागतो तेवढा वेळ थांबला आणि गोलाबाहेर पडला की एक खेप पूर्ण झाली. ठिपका बाहेर पडल्याशिवाय खेप पुरी होत नाही, आणि एक पुरी झाल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. एवढा हिशेब चोख ठेवल्यावर पाणी कुठं जाणार, असं ते म्हणायचे. पाणी जायचं तिकडं जातच होतं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. माणूस लाचखाऊ नव्हता. टँकरच्या ठेकेदारानं आंब्याची पेटी पाठवली ती त्यांनी त्याच पावली परत केली. लाचखाऊ असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं बऱ्याचदा वाटलं. लाच खाणाऱ्याला निदान माहीत असतं की टँकर आलेला नाही.

खडकवस्तीच्या कौसाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर वस्तीतल्या चार-पाच बायका होत्या. साठीची, उंच, शिडशिडीत बाई. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"सुरवातीला दोनदा आल्ता टँकर. मंग बंदच. विहिरीत नुसता गाळ हाय. माझी लेक बाळंतपणाला आलीय. तान्ह्या बाळाला अंघूळ घालायला पाणी न्हाई. लांबच्या बोरवरून आणून राह्यलो, ते बी लाईट असली तर."

सरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला. "हे बघा. काल अकरा वाजता टँकर तुमच्या विहिरीजवळ आला. थांबला. गेला. परवाही आला होता. हा ठिपका."

"काल अकराला मी विहिरीपाशीच होते."

"तुमच्या लक्षात आलं नसेल."

"टँकर हाय तो सर. सुई न्हाई."

"यंत्राची अचूकता तीन मीटर आहे."

"मंग आम्ही काय तुमचा ठिपका पिऊन राह्यलो का?"

बाकीच्या बायका हसल्या. कौसाबाई हसल्या नाहीत. सरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी कोऱ्या कागदावर विहीर काढली, तिच्याभोवती गोल काढला आणि भू-कुंपण म्हणजे काय, आत शिरणं म्हणजे काय, बाहेर पडणं म्हणजे काय, हे सगळं सुरुवातीपासून सांगितलं. बायका कूलरच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या. कौसाबाई मात्र कागदाकडं टक लावून बघत होत्या. "म्हणजे ठिपका भाईर पडल्याबिगर फेरी मोजत न्हाईत?" त्यांनी विचारलं. "बरोबर," सर खुश होऊन म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं एकच व्याख्यान कुणीतरी नीट ऐकलं, ते हे.

"मंग असं करा," कौसाबाई म्हणाल्या. "तुमचं मशीन घ्या अन् वस्तीवर या. तुमचा टँकर मला बोटानं दाखवा."

सरांना याहून मोठा आनंद कुठला. दुसऱ्या दिवशी आम्ही स्कूटीवरून खडकवस्तीला गेलो. यावेळी पत्ता मी विचारला, सरांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

विहिरीच्या कडेला रिकाम्या घागरी, हंडे आणि प्लॅस्टिकचे कॅन यांची लांबलचक ओळ होती. टँकर येईल तेव्हा येईल, नंबर आधीच लावलेला. वाऱ्यानं उलटू नये म्हणून प्रत्येक भांड्यात एकेक दगड. कुणी कुणाची घागर पुढंमागं केली तर वस्तीत महिनाभर अबोला चालतो, असं एका बाईनं सांगितलं. कौसाबाईंचं घर विहिरीला लागूनच. दारातल्या लिंबाखाली बाजेवर एक तरुण माणूस बसून चहा पीत होता. त्याची मोटारसायकल शेजारी उभी होती आणि तिच्या हँडलला एक कापडी पिशवी लटकत होती.

"आमचे जावई," कौसाबाई म्हणाल्या. "रोज येतात बाळाचं तोंड बघायला. लई जीव हाय. टँकरवरच ड्रायवर हाईत, पण गाडी गॅरेजला पडलीय म्हणून तर सवड मिळून राह्यली."

जावयानं चहा संपवायची घाई केली. पिशवीच्या तोंडातून एक वायर निघून मोटारसायकलच्या सीटखाली गेलेली मला दिसली. मी सरांकडं बघितलं. सर आपल्या हातातल्या यंत्राकडं आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवरच्या नकाशाकडं बघत होते.

"टँकर आला आहे," त्यांनी जाहीर केलं. "गोलाच्या आत आहे."

सगळ्यांनी इकडं तिकडं बघितलं. माळ, विहीर, घागरी, लिंब, जावई. सर विहिरीभोवती फिरायला लागले. चार पावलं टाकायचे, थांबायचे, यंत्र आभाळाकडं करायचे. "मल्टिपाथ," शेवटी म्हणाले. "उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा येतो. त्यामुळं असं होतं."

"सर, इथं भिंत कुठाय?" मी म्हणालो.

त्यांनी सभोवार पाहिलं. "मग आयनोस्फियर," ते म्हणाले.

जावई उठला. "मामी, मी निघतो," असं पुटपुटला आणि मोटारसायकलला किक मारली. मोटारसायकल हलली तसा सरांच्या मोबाइलवरचा ठिपकाही हलला. "थांबा, टँकर निघाला," सर मोठ्यानं म्हणाले. त्यांनी एक नजर मोबाइलवर ठेवून ठिपका चालला होता त्या दिशेला बोट केलं. सगळी वस्ती त्यांच्या बोटाकडं बघायला लागली. बोट जावयाच्या पाठीकडं होतं. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ते बोट त्याच्यामागं वळत राहिलं. मग सरांनी नजर वर केली आणि बोट हळूच खाली घेतलं.

घरात बाळ रडत होतं. कौसाबाईंच्या हातात जावयाचा उष्टा कप होता. "या चहाचं पाणी मी पहाटं बोरवरून डोक्यावर आणल्तं," त्या म्हणाल्या. कप त्यांनी पालथा घातला आणि आत गेल्या. जावयावर डाफरायची आपल्याकडं रीत नाही. ती बाई कुणाला काय बोलणार होती? मला तिथं उभं राहायची लाज वाटत होती.

परत येताना फाट्यावर सरांनी स्कूटी थांबवली. मला वाटलं, माणूस हादरला असेल.

"याला संज्ञा नाही," ते म्हणाले.

"कशाला?"

"वाहन नाही, पण वाहनाची नोंद आहे. या प्रकाराला परिभाषेत शब्दच नाही."

"चोरी म्हणतात सर त्याला."

"तो तांत्रिक शब्द नाही."

दुसऱ्या दिवशीचा कोल्ड स्टार्ट दुपारपर्यंत चालला. सर कागदावर लिहीत होते, खोडत होते. अडीचच्या सुमाराला त्यांचा चेहरा उजळला आणि ते साहेबांकडं गेले. मीही मागोमाग गेलो. साहेब आमचं ऐकता ऐकता कपाळाला हात लावून बसले. त्यांचीही अडचण होती. चोरी म्हटली की तक्रार द्यावी लागणार, ठेकेदाराला बोलवावं लागणार, मग वरून फोन येणार. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, ही 'वाहनविरहित खेप' आहे."

साहेबांनी कपाळावरचा हात काढला. शब्द त्यांनी दोनदा म्हणून बघितला. "हे चांगलंय," ते म्हणाले. "तक्त्यात एक रकाना वाढवा."

"साहेब, तिथं तान्हं बाळ आहे," मी म्हणालो. "सरळ सरळ चोरी आहे ही."

"तुम्ही ऑपरेटर ना?" साहेबांनी विचारलं.

रकाना वाढला. एकूण खेपा, आणि त्यापुढं 'त्यापैकी वाहनविरहित'. चोरीला स्वतःचा रकाना मिळाला आणि ती सरकारी कामात बसली. एकूण खेपांचा आकडा होता तोच राहिला. आमच्या तक्त्यात तो रकाना आजही आहे. नव्या लोकांना तो पहिल्यापासूनचाच वाटतो.

पुढं काय झालं ते आधी आम्ही फक्त पडद्यावर पाहिलं. एके दिवशी अकरा वाजता टँकरचा ठिपका नेहमीप्रमाणं खडकवस्तीच्या गोलात शिरला आणि बाहेरच आला नाही. बारा वाजले, दोन वाजले, ऑफिस सुटलं. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशीही. मोटारसायकलची वायर निघाल्यावर यंत्राची आतली बॅटरी पहिल्याच संध्याकाळी संपली असणार, पण संगणक यंत्राची अखेरची जागा धरून बसला होता. त्यालाही सरांकडं शब्द होता, 'शेवटची ज्ञात स्थिती', आणि दुसरा पुरावा नसेल तर तीच खरी मानायची हा नियमही त्यांचाच. सर खुर्ची पुढं ओढून त्या ठिपक्याकडं बघत राहायचे. "स्टॅटिक," मला हळू आवाजात सांगायचे. "किती सुंदर स्टॅटिक आहे बघा."

ठेकेदार आला. पांढरा सदरा, गळ्यात साखळी. "माझ्या गाडीच्या खेपा का लागून नाही राह्यल्या?"

"तुमची गाडी खडकवस्तीत उभी आहे," सर म्हणाले. "ती खेप अजून पूर्ण व्हायची आहे."

"काय बोलता सर, गाडी माझ्या दारात हाय."

"मग यंत्र?"

ठेकेदार गळ्यातली साखळी चाळवायला लागला. गाडी दारात आणि यंत्र वस्तीत हे त्यानं कुठल्या तोंडानं सांगावं? मामूंना जोराचा खोकला आला. ते कूलरच्या मागं जाऊन बराच वेळ खोकत होते.

"माझ्या माहितीप्रमाणं," सर म्हणाले, "तुमच्या दारातली गाडी खडकवस्तीत आहे."

बायकांनी यंत्र धरून ठेवलंय हे ठेकेदाराला चांगलं ठाऊक होतं. पण यंत्र आणायला पाठवणार कुणाला? ड्रायव्हर तर त्या घरचा जावई. तो दोनदा गेला आणि दोनदा सासूपुढं मान घालून परत आला. सासू एकच सांगायची, टँकर भरून आणा आणि पिशवी घेऊन जा. चार माणसं धाडून पिशवी हिसकावली असती, तर ती तिथं काय करत होती हे साऱ्या तालुक्याला कळलं असतं. ठेकेदार त्या दिवशी तसाच माघारी गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना खडकवस्तीला पाठवलं, जाऊन बघून या म्हणून. सर जायला अधीरच होते. त्यांना त्या स्टॅटिक ठिपक्याचं प्रत्यक्ष निरीक्षण करायचं होतं.

विहिरीवर घागरींची ओळ तशीच होती. फक्त एका हंड्याच्या आणि एका निळ्या कॅनच्या मधे ती कापडी पिशवी ठेवलेली होती, वर दगड ठेवून. पिशवीचाही नंबर लावला होता.

"जावईबापूंना म्हणलं, तुम्ही या, जेवा, लेकराला घ्या, तुमचंच घर हाय," कौसाबाई म्हणाल्या. "पण पिशवी ओळीत ठेवा. पाणी आलं की नंबरानं ज्याचं त्याला मिळंल. हे सरच म्हणल्ते ना, ठिपका भाईर पडल्याबिगर फेरी मोजत न्हाईत." आत बाळंतीण उंबऱ्यापाशी बाळाला घेऊन बसली होती. नवऱ्याशी ती तीन दिवस बोलली नव्हती, हे शेजारणीनं मला न विचारता सांगितलं.

आम्ही उभे असतानाच रस्त्यावर धुरळा दिसला. खरा टँकर होता. चाकांखाली मुरूम करकरत होता आणि झाकणातून पाणी हिंदकळून बाहेर सांडत होतं. जावई स्टीअरिंगवर. त्यानं खाली उतरून कुणाकडं न बघता पाइप जोडला. कौसाबाईंनी त्याला हातानं थांबवलं, आधी एक बादली पाइपखाली धरली, ती भरून आत लेकीकडं पाठवली, आणि मग म्हणाल्या, "आता सोडा विहिरीत." पाणी विहिरीत कोसळायला लागलं. बायका कठड्याला भिडल्या, दोर सुटले, घागरी आदळायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सर पाइपच्या शेजारी उभे होते. त्यांच्या बुटांवर पाणी उडत होतं. त्यांनी मोबाइल बघितला, पिवळं यंत्र आभाळाकडं केलं, पुन्हा मोबाइल बघितला. कपाळाला आठ्या पडल्या.

"अडचण आहे," ते कौसाबाईंना म्हणाले. "नोंदीप्रमाणं हा टँकर तीन दिवसांपासून इथंच आहे. त्यामुळं तो आत्ता आला असं म्हणता येत नाही. ही खेप मोजता येणार नाही."

मला त्या क्षणी त्यांना विहिरीत ढकलून द्यावंसं वाटलं. सगळा उन्हाळा न आलेल्या टँकरच्या खेपा मोजणारा माणूस, डोळ्यांदेखत खरा आलेला टँकर मोजायला तयार नव्हता.

कौसाबाईंनी नुकत्या शेंदलेल्या घागरीतून तांब्या भरला आणि सरांच्या पुढं केला. उन्हातून आले होते बिचारे. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मान मागं टाकून घटाघटा प्यायले, इन केलेल्या शर्टावर पाणी सांडलं. रिकामा तांब्या परत देताना रुमालानं तोंड पुसलं आणि मोबाइलकडं पुन्हा एकदा बघितलं.

"नोंद नाही," ते म्हणाले.

"नसू द्या," कौसाबाई म्हणाल्या. "अजून देऊ का?"